हुंकार कुणी द्यायचा

दुपारी जेवून आडवं व्हायचं नाही, असं कुमुद शेटे स्वतःला रोज बजावते आणि रोज आडवी होते. आजही झालीये. मिरजेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये डोक्यावर पंखा कुरकुरतोय, खिडकीला ओला टॉवेल अडकवलाय, आणि उशाशी फोन पालथा घालून ठेवलाय. पालथा अशासाठी, की त्यावर बिराचं नाव दिसायला नको. सकाळपासून त्याचे फोनवर फोन येतायत आणि ही बया उचलत नाहीये.

उचलणार तरी कुठल्या तोंडानं? बिराला हवाय त्याच्या बापाच्या ओवीचा शेवट, आणि जत्रा आलीये परवावर.

बिराचा बाप म्हणजे धुळाआप्पा सरगर. आटपाडीकडच्या माळावरचे धनगर, ओव्या म्हणायचे. श्रावणात गेले. कुमुद कॉलेजच्या लायब्ररीतून निवृत्त झाल्यापासून गावोगाव हिंडून असली गाणी रेकॉर्ड करत फिरते. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे देत नाही, तिची हौस ती. आप्पांची लिंगव्वाची ओवी तिनं गेल्या उन्हाळ्यात रेकॉर्ड केली. लिंगव्वा ही सरगरांच्या घराण्याची मूळ बाई. दुष्काळात मेंढरं हाकत, देवाला डोईवरच्या पाटीत घालून निघाली आणि नदीपाशी येऊन अडली. नदी उतार देईना. मग तिनं नदीला काहीतरी दिलं, तेव्हा कुठं देव अलीकडच्या काठाला आला.

काय दिलं, ते शेवटच्या ओवीत आहे. आणि गंमत अशी, की जत्रेत ती ओवी सुरू झाली की सगळे ढोल एकदम उठतात. शब्द ऐकू जातो तो फक्त म्हणणाऱ्याला आणि त्याच्या मांडीला मांडी लावून हुंकार भरणाऱ्याला. गावानं कितीही कान टवकारले तरी गावाला पत्ता लागत नाही. कुणी म्हणतं तिनं केस दिले, कुणी म्हणतं पोटचं पोर दिलं, आणि यावरून गावात भांडणंसुद्धा होतात. ओवी झाली की पालखी उचलायची, हे मात्र ठरलेलं.

आप्पांचा हुंकार भरायचे त्यांचे धाकटे भाऊ म्हाळू. ते त्या रेकॉर्डिंगच्याही आधी वारले, मागोमाग आप्पाही गेले. बिरा कोंबड्यांची गाडी चालवतो, निम्मा महिना कर्नाटकात असतो. त्याला ओवी येते ती नदीपर्यंतच, कारण लहानपणी ऐकता ऐकता तो नदीपाशी झोपून जायचा. पण त्याला काळजी नव्हती. "ताईंच्या मशिनीत हाय की समदं," असं तो सगळ्या भावकीला सांगून बसलाय.

आणि ताईंच्या मशिनीत ते नाही. तिथंही ओवी नदीपाशीच थांबते. त्या दिवशी आप्पा थांबले, तिच्याकडे बघत राहिले. तिनं हातानं 'चालू द्या' अशी खूण केली. आप्पांनी पटका सारखा केला आणि म्हणाले, "आज बास." दमले असतील म्हणून तिनंही ताणून धरलं नाही. पुढच्या खेपेला घेऊ म्हणाली. पुढची खेप कसली नि काय.

एवढंच बिराला सांगायचंय. जेवल्यावर सांगू, असं सकाळी ठरलं होतं. जरा पडून उठल्यावर सांगू, असं आता ठरतंय. पंख्याची कुरकुर लांब जाते, टॉवेलमधून गार झुळूक येते, आणि कुमुदच्या पायाशी खाट दबते.

"पाय आवरा वाईच," कुणीतरी म्हणतं.

ती पाय ओढून घेते. धुळाआप्पा टेकतात. लाल पटका, मिशीला तेल, पायताणं काढून हातात धरलेली. ती कुठं ठेवावीत हे न कळून ते खोलीभर बघतात आणि शेवटी मांडीवरच ठेवतात.

"लै वर ऱ्हातासा," ते म्हणतात. "हितं मेंढरू कसं चढावं?"

"लिफ्ट आहे, आप्पा."

"त्यात मेंढरू बसंल का?"

कुमुदला ठाऊक आहे, की हा माणूस गेलाय. पण घरी आलेल्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं, की तुम्ही गेलाय म्हणून? ते बरं दिसत नाही. त्यापेक्षा चहा विचारलेला बरा.

"चहा ठेवू?"

"ठिवा की. साखरंला हात आखडू नगा. मागल्या बारीला माळावर थर्मासातनं निस्तं गरम पानी पाजलंसा."

ती उठून स्वयंपाकघरात येते, ओट्याला हात लावते, तर ओट्याच्या पलीकडं माळ आहे. उन्हानं पांढरा पडलेला, मधे एक बाभळ, बाभळीखाली मेंढरं माना खाली घालून उभी. तिला काही विशेष वाटत नाही. गॅस पेटवायला म्हणून ती हात पुढं करते, तर हातात माइक. कानांवर हेडफोन आहेत. रेकॉर्डरवर लाल दिवा लागलाय.

माइकवर वाऱ्यासाठी घालतात ती करडी लोकरीची टोपी आहे. आप्पा तिला कायम 'ताईंचं कोकरू' म्हणायचे. आत्ता ते कोकरू हाताला गरम लागतं. आत काहीतरी धडधडतंय.

"भुकेजलंय," आप्पा बाभळीखालून म्हणतात. "खाली सोडा त्येला."

सोडायचं कसं? सोडलं तर आवाज कोण धरणार? ती माइक आणखी पुढं करते. आप्पा हसतात, एक हात कानाशी नेतात आणि ओवी धरतात.

*डोईवर पाटी, पाटीत देव निजला*
*लिंगव्वाचा घामानं गं, सारा पदर भिजला*

काय आवाज आहे. रेकॉर्डिंगमध्ये हा आवाज तिनं शंभरदा ऐकलाय, पण त्यात हा माणूस नव्हता, त्याच्या श्वासाला येणारा तंबाखूचा वास नव्हता. ती डोळे मिटून ऐकते. मेंढरं चालतात, डोंगर उतरतात, नदी येते.

*नदी आडवी गं आली, मेंढरं थटली काठाला*
*देव म्हनं लिंगव्वा, काय देशील हिला?*

आणि आप्पा थांबतात.

लाल दिवा चालू आहे. ती हातानं खूण करते, चालू द्या. आप्पा तिच्याकडे बघत राहतात. ती पुन्हा खूण करते, मान हलवते, डोळ्यांनी विनवते. तोंडातून मात्र चकार शब्द काढत नाही. तशी तिची शिस्तच आहे. रेकॉर्डिंगला बसताना ती बांगड्या उतरवून पर्समध्ये टाकते. खोकला आला तर जीव गेला तरी दाबून धरते. माझ्या कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज सापडला तर दाखवा, असं ती चारचौघांत छाती फुगवून सांगते, आणि खरंच कुणाला सापडलेला नाही.

"बरं, येतो," आप्पा म्हणतात आणि उठतात.

ती मागं धावते. मेंढरांतून वाट काढत निघते तर पायाखाली फरशी लागते, आणि हा मिरजेचा स्टँड आहे. लाऊडस्पीकरवर बाई कुठल्यातरी गाडीचं नाव घेतेय. आप्पा बाकड्यावर बसलेत, शेजारी एक माणूस डाळिंबाच्या पेटीवर पाय ठेवून झोपलाय. गाडी लागायच्या आत ओवी पुरी झाली पाहिजे, एवढंच कुमुदला कळतं. ती आप्पांपुढं उकिडवी बसते, माइक धरते. आप्पा पुन्हा पहिल्यापासून म्हणतात. पाटी, पदर, डोंगर, नदी.

आणि थांबतात.

ती रडायच्या बेतात आहे. तोंड उघडावं तर लाल दिवा, न उघडावं तर हे असं. स्पीकरवरची बाई आटपाडी म्हणते. आप्पा पायताणं उचलून गाडीत चढतात. कुमुद मागोमाग चढते, तर आत पुस्तकांची कपाटं. तिची लायब्ररी. तोच फिनाइलचा वास, तीच खिडकीतली धूळ. आप्पा वाचायच्या टेबलाशी बसलेत आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतात.

"काय लिवलंय?"

ती हेडफोनच्या आतून ओठ हलवते. शांतता राखा.

"कुनी?"

सगळ्यांनी.

"मंग गानार कोन?"

आता मात्र कुमुदचा धीर सुटतो. आयुष्यभर लोकांना गप्प बसवलेल्या त्या खोलीत ती हेडफोन ओरबाडून काढते आणि ओरडते, "आप्पा, तुम्ही का थांबता? मी काय वाकडं केलंय तुमचं? परवा जत्रा आहे. तुमचा पोरगा माझ्या भरवशावर बसलाय. पुढं म्हणा ना."

आप्पांना राग येत नाही. त्यांना जरा बरंच वाटलेलं दिसतं.

"तुमी गप बसलासा," ते म्हणतात. "म्हून म्या बी गप बसलो."

"रेकॉर्डिंग चालू होतं."

"त्ये तुमचं. हुंकार कुनी द्यायचा? म्हाळ्या तर न्हाई. मोकळ्या रानात कुनी वरडतं का? पलीकडनं 'मग' आलं तर पाय पुढं पडतो. न्हाई आलं तर मानूस काठाला हुबा."

म्हणजे इतकंच होतं. त्या दिवशी ते दमले नव्हते, वाट बघत होते. कुमुद खाली बसते. तिला स्वतःची चीड येते आणि त्याहून जास्त त्यांची, कारण तोंडानं सांगायला काय झालं होतं या माणसाला?

"तेव्हाच म्हणायचं की."

"हुंकार मागून घ्यायचा असतोय व्हय?"

ती रेकॉर्डरकडे बघते. लाल दिवा विझलाय. ती बटण दाबते, तर बोटाला मऊ कान लागतो. कोकरू मांडीत उभं राहून तिची ओढणी चघळतंय. ती त्याचा कान दाबते, पाठ दाबते, पोट चाचपते, कुठं तरी बटण असेल. तिकडं आप्पांचा आवाज सुरू झालाय आणि ती कोकराशी झटतेय तोवर तो लांब जायला लागलाय, भिंतीपलीकडं गेल्यासारखा.

"आप्पा, हे चालू होत नाहीये. बिराला द्यायचंय मला."

"त्येनं यावं की. म्या काय न्हाई म्हनतोय?"

"तो आता कसा येईल तुमच्याकडं?"

"तुमी आलासा न्हवं?"

"मी झोपलेय, आप्पा."

"त्यो बी झोपायचा," आप्पा म्हणतात, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडतो. "ऐन नदीवर झोपायचा. म्या म्हाळ्याला म्हनायचो, असूं दे, लेकरू हाय, मोठं झाल्यावर ऐकंल."

कुमुद कोकरू खाली ठेवते. ते टेबलाखालून निघून जातं. तिचे दोन्ही हात रिकामे होतात, आणि हात रिकामे ठेवून ती कधीच कुणाचं गाणं ऐकायला बसलेली नाही. ती आप्पांच्या शेजारी सरकते, मांडीला मांडी लावते. खाली घोंगडी आहे. ती टोचते.

*देव म्हनं लिंगव्वा, काय देशील हिला?*

"मग?" कुमुद म्हणते.

आप्पा हसू दाबतात. "उसनं मागितल्यागत म्हनू नगा. लांबवा. पोटातनं येऊं द्या."

"मऽऽग?"

"हां, आता कसं."

आणि ओवी पुढं जाते. खरंच जाते. लिंगव्वा पाटी उतरवते, काठाला बसते. मऽऽग. नदीला विचारते, तुला काय कमी आहे गं बाई? मऽऽग. नदी सांगते, मला काय कमी आहे. मऽऽग. कुमुदला नदी दिसते, तिच्या पायाला गार पाणी लागतं. तिचा आवाज आप्पांच्या आवाजात असा मिसळतो, की कोण कुणाला ओढून नेतंय ते कळेनासं होतं. तिला इतकं सुख कधी झालेलं नाही. आणि त्याच वेळी तिच्या ध्यानात येतं, की पुढची ओळ आली की मागची जातेय. तिनं मागची धरून ठेवायला मान वळवली की आप्पा अडतात. 'मग' म्हणायचं असेल तर पुढंच बघावं लागतं.

"आप्पा, हळू. माझ्या लक्षात राहत नाहीये."

"ऱ्हायचं न्हाई. तुमी निस्तं हुंकार भरा."

"मग उपयोग काय?"

गाणं ठाऊक असलेला माणूस आहे तो, त्याला बाकीचं का विचारायचं? आप्पा तिच्या कानाशी वाकतात. ढोल नाहीत, गाव नाही, पालखी नाही. तंबाखूचा वास, आणि शेवटची ओवी.

तिला ती ऐकू येते. शब्दन्‌शब्द ऐकू येतो.

कुमुद आधी हसते. "एवढंच? एवढंच दिलं तिनं?"

"मंग आनिक काय असनार तिच्याजवळ?"

आणि मग तिला रडू येतं, असं की आवरत नाही, कारण खरंच तेवढंच होतं त्या बाईजवळ आणि तेच तिनं दिलं. आप्पा तिच्या पाठीवर हात ठेवतात. हाताला वजन आहे.

"पुन्हा म्हणा," ती म्हणते. "एकदाच. पाया पडते तुमच्या."

"देव अलीकडं आला. आता त्येला माघारी कुठं न्हेऊ?" आप्पा पायताणं खाली टाकतात, एकेक पाय घालतात. "चा ऱ्हायलाच."

"मग?" कुमुद म्हणते. ते दाराकडे निघालेत. "मऽऽग?" ते जिना उतरतायत, लिफ्ट असून जिन्यानं. "मग? आप्पा, मग? मग?"

बेल वाजतेय. कुठंतरी बेल वाजतेय.

कुमुद डोळे उघडते. पंखा फिरतोय, खिडकीतला टॉवेल वाळून कडक झालाय. ती तशीच पडून राहते, अजिबात न हलता, कारण हललं तर सांडेल. शेवटची ओवी. पाटी, पदर, डोंगर, नदी. मग? ती मनात चाचपते. गार पाणी आहे. पाठीवरचा हात आहे. लिंगव्वानं दिलेली वस्तू लहान होती हे आहे, ती कळल्यावर हसू आलं होतं हेही आहे. वस्तू नाही. शब्द नाही. एकही नाही. घडा धुवून पालथा घालावा तसं सगळं कोरडं आहे.

बेल पुन्हा वाजते. ती उठते, दार उघडते. शेजारच्या तारळेकर वहिनी, हातात झाकलेली वाटी, चेहऱ्यावर काळजी.

"बऱ्या आहात ना हो? केव्हाची बेल वाजवतेय. आधी वाटलं फोनवर आहात. जरा गप्प बसत होतात, की मोठ्यांदा 'मग' म्हणत होतात. परत गप्प, परत 'मग'. आमच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. शेवटी शेवटी तर नुसता टाहो फोडला होतात."

'काही नाही, स्वप्न पडलं' असं सांगायला कुमुद तोंड उघडते, आणि तोंडातून हवा येते. ती खाकरते, पुन्हा बोलू बघते. कसलीतरी खरखर निघते. घसा सोलून निघालाय. रात्रभर जागरणाला बसलेल्या माणसाचा बसतो तसा तिचा आवाज बसलाय, पार गेलाय.

वहिनी कोमट पाण्यात मीठ घाला म्हणतात, वाटी हातात देतात आणि मागं बघत बघत जातात. आत फोन थरथरतोय.

या खेपेला कुमुद उचलते.

"ताई, आवं कुठं हायसा?" बिरा. मागं कोंबड्यांचा कालवा. "पंच घरी येऊन बसल्यात. तेवडा शेवट धाडा की. म्या वाटंत पाठ करतो."

"बिरा," ती म्हणते. तिला स्वतःलाच तो आवाज ओळखू येत नाही. "शेवट माझ्याकडे नाही रे. आप्पा नदीपाशीच थांबले होते."

कालवा ऐकू येत राहतो. मग गाडीचं दार आपटल्याचा आवाज येतो आणि कालवा कमी होतो. तो केबिनमध्ये बसला असावा.

"न्हाई म्हंजे?"

"नाहीच. मला तुला आधीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

तो ओरडेल असं तिला वाटतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो हळूच, गाडीत कुणी झोपलं असावं तसा, ओवी म्हणायला लागतो. पाटीत देव निजला. बापाचा आवाज नाहीये त्याचा, पातळ आहे, पण वळणं तीच. पदर भिजला. डोंगर उतरला. नदी आली. *काय देशील हिला?*

तो थांबतो. म्हणता म्हणता येईल पुढचं आपोआप, असं त्याला वाटलेलं असणार.

"मग?" कुमुद म्हणते. घशातून चिंधी फाडल्यासारखं ते निघतं.

ती पुन्हा म्हणते, लांबवून.

"मऽऽग?"

"न्हाई, ताई. न्हाईच येत." बिरा नाक ओढतो. आणि म्हणतो, "असं करू. तुमी या परवा. हुंकाराला तुमीच बसा. बाईमानूस बसत न्हाई, पर म्या सांगतो पंचांस्नी, आप्पांची ओवी ताईंजवळ हाय म्हून. नदी आली की ढोल उठत्यात. म्या निस्तं त्वांड हलीवतो. तुमी 'मग' म्हना. दुसरं कुनी शेजारी बसलं तर त्येला कळंल. तुमी आसल्यावर कुनाला कळायचं न्हाई."

कुणाला कळणार नाही, हे खरंच आहे. गावाला आजवर तरी कुठं काय कळत होतं? ढोल वाजतील, पालखी उठेल, लोक भंडारा उधळतील, घरी जाऊन केसांवरून आणि पोरावरून भांडतील.

"येशीला न्हवं, ताई?"

तिनं ते ऐकलंय. याच दुपारी, कानाशी, शब्दन्‌शब्द. हे ती बिराला सांगत नाही. सांगून त्याला देणार काय?

"येते," कुमुद म्हणते. ते नीट ऐकू जात नाही, म्हणून तिला पुन्हा म्हणावं लागतं.